दोन पिशव्यांचा गुणाकार

प्रिय अपूर्णांकराव,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील, तर आधी खाली बस. बसलेलाच असशील म्हणा, तुझा खुबा तुला उभं कुठे राहू देतोय. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही, चिमणी ठणठणीत आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दोनदा ‘हं’ म्हणतोस, एकदा ‘बघू’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावरचं मात्र तू दोन-दोनदा वाचतोस, चुका काढायला. तर घे लाल पेन. या खेपेला चुका तुझ्या आहेत आणि काढणार मी आहे.

शनिवारी चिमणी तुझ्याकडून निघाली ती स्वतःच्या घरी न जाता सरळ माझ्याकडे आली. हातात अवजारांची पेटी, कोपराला ग्रीस. आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. आपली मुलगी रडणाऱ्यांतली नाही. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा ओढणारी पोर ती. सगळ्या गावाच्या लिफ्टा मी दुरुस्त करते आणि माझा बाप लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अडकलाय, यावर ती एरवी स्वतःच हसते. शनिवारी हसली नाही. म्हणाली, बाबा आता पलंगावर झोपतच नाहीत, उठताना जीव जातो म्हणून खिडकीपाशी खुर्चीतच रात्र काढतात. दाढी वाढलीय. जिना उतरून दोन महिने झाले. आणि ऑपरेशनचा विषय काढला, तर तू तिला समोर बसवून गणित घातलंस. तुला चालणारं रक्त पावणेचारशे माणसांत एकाचं असतं, डॉक्टरांना पिशव्या हव्यात दोन, म्हणजे पावणेचारशे गुणिले पावणेचारशे, एक लाख चाळीस हजार सहाशे पंचवीसांत एक. तेव्हा बाळा, हा विषय संपला, असं म्हणून तू तिला चहा करायला पाठवलंस.

आकडा ऐकला की माणसं गप्प बसतात, हे तुझं जुनं हत्यार आहे. माझ्यावरही तू ते भरपूर चालवलंयस. पण मी काही चिमणी नाही. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाच खडूस सरांकडून तू आणि मी रक्त तपासायला शिकलो, आणि आजही मी रोज तेच काम करते, तू मात्र सोडून चार वर्षं झाली. तेव्हा आता मुकाट्याने ऐक.

पायापासून सुरुवात करते, कारण हुशार माणसं पायाच विसरतात. तुझ्या अपघाताच्या वेळी तुला परक्यांचं रक्त चढवलं, एक-दोन नाही, नऊ पिशव्या. जीव वाचला. पण त्या रक्तातल्या पेशींवर तुझ्या पेशींवर नसलेल्या खुणा होत्या, आणि तुझ्या शरीराने, तुझ्यासारख्याच संशयी शरीराने, त्यांतल्या चार खुणांविरुद्ध कायमचा दावा मांडला. आता या चारांपैकी एकही खूण असलेलं रक्त तुला चढवलं, तर तुझं शरीर ते फोडून टाकणार, आणि त्यासोबत मूत्रपिंडंही जायची. म्हणून डॉक्टर म्हणाले की जुळणाऱ्या दोन पिशव्या फ्रिजमध्ये दिसल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही. त्यांचं बरोबरच आहे. पण त्यांनी मला आणखीही एक सांगितलं, जे तू चिमणीला सांगितलं नाहीस. हे असंच चार-सहा महिने राहिलं तर मांडीचे स्नायू इतके वाळतील की मग नवा खुबा बसवूनही तू उभा राहणार नाहीस. ही गोष्ट तू गणितात धरली नाहीस. सोयीस्कर विसरलास.

आता तुझा गुणाकार. तुझा गट ओ, तो तिघांत एकाचा. छोटा सी ही खूण नसलेले पाचात दोन. मोठा ई नसलेले पाचात चार. किड नसलेले पाचात एक, डफी नसलेले आठात एक. हे आमच्या रक्तपेढीतल्या दात्यांचे ढोबळ आकडे, तुझ्या डोक्यातही हेच असणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच माणसात एकदम भेटायच्या, तर त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. केला, तर बरोबर पावणेचारशेत एक येतो. तू काही आकडेमोडीत चुकणारा माणूस नव्हेस. चुकतोस ते त्याच्या आधी.

छोटा सी आणि मोठा ई यांचा एकमेकांशी संबंध नाही असं तुला कुणी सांगितलं? दोन्ही एकाच घरात राहतात रे. ज्याच्या पेशीवर छोटा सी नाही, त्याच्यावर मोठा ई जवळजवळ नसतोच. एकदा छोटा सी गाळला की मोठा ई आपसूक गेला, त्याचे पुन्हा पैसे मोजायचे नसतात. आठवतंय का, पहिल्या सहामाहीत तू हेच केलं होतंस आणि सरांनी तुला अख्ख्या वर्गासमोर विचारलं होतं की उंच माणसं निवडल्यावर त्यांतून लांब पायांची पुन्हा वेगळी मोजणार का. वर्ग खो खो हसला. मी सगळ्यांत जास्त हसले आणि तू त्या दिवशी डब्यातला माझा वाटा मला दिला नाहीस. इतकी वर्षं झाली, गडी तिथेच. मोठा ई काढून टाक आणि पुन्हा गुण. तीनशेत एक. पंचाहत्तर माणसं तू उगाच माझ्या डोक्यावर बसवली होतीस.

दुसरी चूक तर अशी आहे की ती ऐकून मी कपाळाला हात लावला. दोन पिशव्या हव्यात म्हणून तू तोच आकडा पुन्हा त्याच्याशी गुणलास. अरे शहाण्या, डोळे मिटून फ्रिजमधून दोनच पिशव्या उचलल्या आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत, अशी पैज असती तर ते बरोबर. मी दोन उचलून थांबणार आहे का? एक सापडेपर्यंत शोधायचं, मग दुसरी सापडेपर्यंत शोधायचं. तीनशे आणि तीनशे, सरासरी सहाशे. कुठे सहाशे आणि कुठे एक लाख चाळीस हजार. हे चुकणं नाही, ही पळवाट आहे. माणूस नाही म्हणायला कारण शोधत असतो तेव्हाच असा गुणाकार करतो. एरवी तू दूधवाल्याचाही हिशेब चुकू देत नाहीस.

आणि हे तुझं पहिल्यांदाच नाही, म्हणून मला राग येतो. अठरा वर्षांपूर्वी तुला त्या मोठ्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं, तेव्हा तू रात्रीचं जेवण झाल्यावर ताट बाजूला सारून मला असंच गणित सांगितलं होतंस. मला तिकडे बदली मिळण्याची शक्यता चारात एक. चिमणीच्या नव्या शाळेजवळ घर मिळण्याची तिनात एक. सासूबाई आपलं घर सोडून यायला तयार होण्याची दोनात एक. आणि माझं डोकं शांत राहण्याची, हे तू हसत म्हणालास, दहात एक. दोनशे चाळिसात एक. म्हणून तू आधी एकटाच पुढे जातो म्हणालास, तात्पुरता. तात्पुरता गेलेला माणूस नोकरी सोडून गावात आला, पण घरी अजून परत आलेला नाही. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही, कारण तुझा आकडा बरोबर दिसत होता. आता सुचतंय. त्यातल्या चारही गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून होत्या रे. मला बदली मिळाली असती, तर सासूबाई पहिल्या गाडीत येऊन बसल्या असत्या. त्या नातीशिवाय एक दिवस राहत नव्हत्या. त्या आल्या असत्या तर घर जवळच हवं असा प्रश्नच नव्हता, पोरीला आणायला-सोडायला त्या होत्या. आणि माझं डोकं? ते तर तू न विचारता निर्णय घेतलास म्हणून फिरलं होतं. तू फक्त एवढं म्हणाला असतास की येतेस का, तर एका शक्यतेने बाकी तिन्ही ओढून आणल्या असत्या. तू विचारलं नाहीस. मला फार वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं, लपवत नाही. सासूबाई जाईपर्यंत माझ्याकडेच राहिल्या आणि शेवटपर्यंत तुझ्या गणितावर चिडून होत्या, हेही जाता जाता सांगते.

असो. रडगाणं गायला पत्र लिहिलेलं नाही.

तुझा नमुना आमच्याच पेढीकडे आला, हे तुला माहीत आहे. चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि मी चंग बांधला. कामाची पद्धत तुझीच वापरली, तेवढं श्रेय देते. सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट आधी तपासायची, म्हणजे फुकटची मेहनत वाचते. ओ गटाच्या पिशव्या वेगळ्या काढायच्या, त्यांना आधी डफीची चाचणी लावायची. आठांतल्या सात तिथेच बाद. उरतील त्यांना किड. त्यांतल्या पाचांतल्या चार बाद. मग छोटा सी. आमच्या इन्चार्ज बाई पहिल्या आठवड्यात कुरकुरल्या, की एका माणसासाठी सगळी रसायनं संपवणार का. मी म्हटलं, हो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डफीच्या नळ्या मांडायला घेतल्या. कारखान्यातलं शिबिर, कॉलेजातलं शिबिर, बस डेपोतलं शिबिर, जिथे जिथे गाडी गेली तिथे मी गेले. गुडघे माझेही काही कोवळे नाहीत. तीनशे पिशव्या झाल्या, हाती शून्य. तू असतास तर म्हणाला असतास, बघ, सांगत होतो. पण तीनशेत एक म्हणजे दर तीनशेला एक हजर राहणारच, असा काही करार नसतो. तीनशे तपासूनही एकही न मिळण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असते. म्हणजे माझं नशीब फुटकं नव्हतं, साधं होतं. साध्या नशिबाच्या माणसाने पुढे चालू ठेवायचं असतं.

मध्ये वन्सं येऊन गेल्या. मी बोलावलं नव्हतं, चिमणीने फोन केला. भावासाठी बहीण आली ती हातात पिशवी, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाचा पट्टा सुरू. दंड पुढे करून म्हणाल्या, हवं तेवढं काढ, आमच्या घराण्यात रक्त भरपूर आणि अक्कल कमी. परक्यांपेक्षा सख्ख्या बहिणीचं जुळण्याचा संभव कितीतरी जास्त, म्हणून मीही आशा धरून बसले होते. ओ जुळला, छोटा सी जुळला, किड जुळली, आणि डफीच्या नळीत लालभडक गाठ, म्हणजे खूण हजर. वन्संनी गॉगल कपाळावर चढवून ती गाठ बघितली. मग म्हणाल्या, लहानपणापासून हा माझं काही घेतच नाही. चिमणीचं तर तिला सांगण्याआधीच मला माहीत होतं. तिच्यावर माझी डफी आलीय, मला ती आई आणि वडील दोघांकडून मिळालीय, मग मुलीला सुटका नसते. तरी तिने हट्टाने तपासून घेतलं. नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला वारशात दागिन्याऐवजी कर्ज दिलंय.

पाचशेच्या घरात गेल्यावर एक सापडली. कोण ते सांगणार नाही, नियम आहे. एवढंच सांगते की रक्त देताना ती बाई डोळे मिटून गुणगुणत होती आणि नंतर दोन बिस्किटं जास्तीची मागून घेऊन गेली. डफीची नळी स्वच्छ, किडची स्वच्छ, छोट्या सीची स्वच्छ. मी इन्चार्ज बाईंना नुसती नळी दाखवली. मग तुझ्या सीरमशी, तुझ्या रक्तातल्या त्या दावा मांडणाऱ्या पाण्याशी, तिचं रक्त मिसळून बघितलं, तिथेही काही नाही. पिशवीवर तुझ्या नावाची चिठ्ठी लावून मी फ्रिजचं दार बंद केलं आणि त्या दारालाच टेकून उभी राहिले. मग चिमणीला फोन करून बजावलं, दुसरी मिळेपर्यंत बाबांना काही सांगायचं नाही.

एक पिशवी मिळाली आणि घड्याळ सुरू झालं. रक्त काही लोणचं नाही, सहा आठवड्यांनी ते टाकून द्यावं लागतं. ती पिशवी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला बाद होते. मी डॉक्टरांकडे जाऊन बसले आणि अठरा तारीख पक्की करून घेतली. तुला न विचारता. बघ, न विचारता ठरवणं मलाही जमतं. ऑपरेशननंतर तू माझ्याकडे राहणार आहेस. घर तळमजल्यावर आहे, बाथरूममध्ये चिमणीने धरायला दांडा बसवलाय, लिफ्टच्या कामातलाच आहे, तुझ्यासारखे चार लटकले तरी तुटणार नाही. पलंग उंच करून घेतलाय. हे विचारत नाहीये, कळवतेय. मला तू चालायला हवा आहेस. मला तू घरात फिरायला हवा आहेस, भांड्यांचा आवाज करत, माझ्या हिशेबाच्या चुका काढत. बास, लिहून टाकलं.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. एका पिशवीवर डॉक्टर तयार नाहीत, आणि वीस तारखेच्या आत आणखी एक परका सापडेल याची मी खात्री देत नाही. पण दुसरा दाता मला मिळालाय. सोमवारी तुझ्या सीरमची तपासणी पुन्हा मांडली होती. ओळीने अकरा नळ्या परक्यांच्या पेशींच्या आणि शेवटची बारावी, जी आपण आयुष्यभर सवयीने लावत आलो आणि ठीक आहे म्हणून बाजूला ठेवत आलो. अकराही बघून झाल्या आणि बारावी हातात राहिली. ओ गट. छोटा सी नाही, मोठा ई नाही, किड नाही, डफी नाही. एक गाठ नाही की कण नाही. दाता पुरुष आहे, वय एकोणसाठ, वजन भरपूर, चिमणीने लोहाच्या गोळ्या गिळायला लावल्यामुळे गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन बारावर आलंय. हजारो लोकांच्या दंडात त्याने सुई घातली, पण स्वतःची पाळी आली की त्याला नेमका सर्दी-खोकला होतो. बाराव्या नळीत तुझंच सीरम असतं आणि तुझ्याच पेशी. आपण दोघेही रुग्णाला एका रकान्यात आणि दात्यांना दुसऱ्या रकान्यात लिहायला शिकलो, म्हणून पाचशे माणसं चाळली आणि एकाला विचारायचं राहिलं. आमच्या डॉक्टरांनी आणि तुझ्या सर्जननी, दोघांनीही होकार दिलाय. आत्ता दिलंस तर अठरा तारखेपर्यंत शरीर ते भरून काढेल आणि पिशवीही टिकेल. इथे गुणायला काही नाही, तुझं रक्त तुला जुळण्याची शक्यता पूर्ण एक आहे. मंगळवारी सकाळी चिमणी आणि तिचे दोन सहकारी तुला खुर्चीसकट खाली उतरवतील, त्यांच्याशी वाद घालू नकोस, ती माणसं रोज याहून जड सामान उतरवतात. सुई मी घालणार आहे, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. पोटभर नाश्ता करून ये. उपाशीपोटी मी कुणाचंच रक्त घेत नाही, नवऱ्याचंही नाही.

तुझीच,
लवंगी